हनोईत हो ची मिन्ह: समाधी, खांबांवरचं घर आणि संग्रहालय एका सकाळीत कसं बघावं

आम्ही पहिल्यांदा गेलो तो वार शुक्रवार होता. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'हो ची मिन्ह समाधी व संग्रहालय' असं ठळक छापलं होतं. हो ची मिन्ह म्हणजे व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. बस साडेनऊला बा दिन्ह चौकाच्या कडेला थांबली, आम्ही सगळ्यांनी रस्त्यावरूनच करड्या दगडाच्या त्या इमारतीचे फोटो काढले आणि वीस मिनिटांत बस पुढे निघाली. समाधी शुक्रवारी बंद असते, हे सहल आखणाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं. आई खिडकीतून मागे बघत राहिली. तिने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे आणि व्हिएतनाम हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी आई-बाबांना घेऊन पुन्हा हनोईला गेले, या वेळी आम्ही तिघंच, वार-वेळ-कपडे-दरवाजे सगळं आधी पाहून. खालचं सगळं त्या दुसऱ्या फेरीतलं आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. हनोईला जाणारे बहुतेक भारतीय समाधीत जाऊन काचेच्या पेटीतला देह बघतात, बाहेर येतात आणि 'हो ची मिन्ह झालं' म्हणतात. त्या आवारातली सगळ्यात छोटी गोष्ट म्हणजे ते दर्शन, जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. तो माणूस कळतो तो त्याच्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात, आणि नंतर संग्रहालयात. म्हणून अर्धा दिवस राखून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर समाधीची रांग सोडा, पण घर सोडू नका.

१. नेमकं कुठे जायचं ते आधी ठरवा

नावांमुळे फार घोटाळे होतात. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह यांच्या नावाची संग्रहालयं अनेक शहरांत आहेत. मुख्य संग्रहालय राजधानी हनोईत, समाधीला लागून आहे. दक्षिणेतल्या हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगावात, नदीकाठी न्या रोंग बंदरावर दुसरं आहे. ५ जून १९११ रोजी एकवीस वर्षांचा हा मुलगा तिथूनच एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातला मदतनीस म्हणून चढला आणि तीस वर्षं परतला नाही. त्याच शहरात 'हो ची मिन्ह सिटी संग्रहालय' नावाची तिसरी इमारत आहे. ते शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, या माणसाचं नव्हे. मोबाइलवर घाईत नाव टाकून गाडी बोलावली की नेमकी हीच चूक होते.

हनोईतल्या आवारात पाच गोष्टी आहेत: समाधी, पिवळा राष्ट्रपती प्रासाद, खांबांवरचं घर, एकखांबी पॅगोडा आणि संग्रहालय. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण दरवाजे, वेळा आणि तिकिटं वेगवेगळी.

२. वार आणि महिना बघूनच विमानाची तिकिटं काढा

समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद. उरलेल्या पाच दिवशीही फक्त सकाळी उघडी. एप्रिल ते ऑक्टोबर साडेसात ते साडेदहा, नोव्हेंबर ते मार्च आठ ते अकरा. शनिवार-रविवारी अर्धा तास जास्त. अपवाद म्हणजे १९ मे हा हो ची मिन्ह यांचा जन्मदिवस, २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन आणि व्हिएतनामी नववर्षाचा, म्हणजे तेतचा, पहिला दिवस. हे दिवस सोमवारी किंवा शुक्रवारी आले तरी समाधी उघडी असते, पण गर्दी इतकी की वयस्कर माणसांना नेऊ नये.

याहून मोठा सापळा वार्षिक देखभालीचा. देहाच्या जतनाच्या कामासाठी समाधी दरवर्षी काही आठवडे पूर्ण बंद असते, अलीकडच्या वर्षांत साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांचं जमून जातं, जूनच्या शेवटी जाणाऱ्यांचं नाही. नेमक्या तारखा समाधीच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा, किंवा हॉटेलला मेल करून विचारा. हॉटेलवाले दोन ओळींचं उत्तर हमखास देतात.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबर. हवा कोरडी, ऊन सोसवेल इतपत. जून-जुलैत हनोई मुंबईपेक्षाही घामट वाटतं, आणि जानेवारीत स्वेटर लागतो. वार मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शनिवार-रविवारी गावोगावच्या शाळांच्या बस येतात.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा लागतो. तो घरी बसून काढता येतो: एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५० डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. कामाचे तीन दिवस लागतात असं म्हणतात. तुम्ही दोन आठवडे धरा, कारण मध्ये तेत किंवा राष्ट्रीय दिनाची सुट्टी आली की मोजणीच बदलते.

इथे तीन चुका होतात. एक म्हणजे सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं, जी दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे का ते बघूनच पुढे जा. दुसरी चूक नावाची. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव कोणत्या रकान्यात कसं आहे ते अक्षर-अक्षर तसंच भरा. बाबांच्या अर्जात मी मधलं नाव गाळलं, आणि तो अर्ज पुन्हा नव्याने, पुन्हा पैसे भरून करावा लागला. तिसरी, प्रवेशाचं ठिकाण. अर्जात निवडलं त्याच विमानतळावर उतरा. हनोईचा विमानतळ नोई बाई.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

– पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
– ई-व्हिसाच्या छापील प्रती, माणशी दोन
– अर्जासाठी चष्मा न लावता, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेला फोटो आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ फोटो
– परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण, छापील
– प्रवासविमा
– डाँगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, सुट्टी रोख रक्कम
– पूर्ण बाह्यांचा हलका कपडा किंवा मोठी ओढणी
– खिशात मावेल असा कापडी बटवा. का ते पुढे येईलच

आवारात फिरताना मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फोटोप्रत जवळ ठेवली तरी आमचं भागलं.

पैशांबद्दल एवढंच की हजार डाँग म्हणजे आपले सव्वातीन-साडेतीन रुपये. वीस हजार आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत. देताना शून्यं मोजा.

४. जाण्याआधी दोन तास अभ्यास करा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग संग्रहालयात जांभया देतात. आतल्या पाट्यांवर इंग्रजी आहे, पण तोकडं. तिथे माहिती नव्याने मिळत नाही. जे ठाऊक आहे ते डोळ्यांसमोर येतं. आईने विमानात वहीच्या एका पानावर मला जे लिहून दिलं, ते थोडं वाढवून देते.

जन्म १९ मे १८९०, मध्य व्हिएतनाममधल्या न्घे आन प्रांतात. वडील जुन्या पद्धतीची परीक्षा दिलेले विद्वान, देश फ्रेंचांच्या ताब्यात. १९११ मध्ये देश सोडला. जहाजावर, हॉटेलांत, पॅरिसमध्ये फोटो सुधारण्याच्या दुकानात काम केलं. १९१९ मध्ये पहिलं महायुद्ध संपल्यावर व्हर्सायला जगाचे नेते जमले, तेव्हा 'न्गुएन आय क्वोक' म्हणजे 'देशभक्त न्गुएन' या नावाने आठ मागण्यांचा अर्ज दिला गेला. पुढे बरीच वर्षं हेच त्यांचं नाव होतं. मागण्या स्वातंत्र्याच्याही नव्हत्या. समान कायदा, छापण्या-बोलण्याची मोकळीक, कैद्यांची सुटका एवढंच. कोणी उत्तर दिलं नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२० मध्ये, ते फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेच्या बाजूने उभे राहिले. त्या न मिळालेल्या उत्तराचा आणि पुढच्या वाटेचा संबंध संग्रहालयात फार चांगला दाखवला आहे. तिथे रेंगाळा.

१९४१ मध्ये चीनच्या सीमेवरून परत देशात, पाक बो गावाजवळच्या गुहेत मुक्काम. त्याच वर्षी व्हिएत मिन्हची, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आघाडीची, स्थापना. पुढच्या वर्षी चीनमध्ये अटक, वर्षभराचा तुरुंगवास, तिथे चिनी भाषेत लिहिलेल्या कविता. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्याची घोषणा. तिची सुरुवातच अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या ओळींनी होते: सगळी माणसं समान जन्माला आली आहेत. मग फ्रेंचांशी नऊ वर्षांचं युद्ध, ७ मे १९५४ ला दिएन बिएन फूच्या निर्णायक लढाईत विजय, देशाची उत्तर-दक्षिण फाळणी, १० ऑक्टोबरला हनोई परत हाती. त्यानंतर आठवड्याभरात पंडित नेहरू हनोईत पोहोचले होते, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले. पुढे अमेरिकेशी युद्ध. मृत्यू २ सप्टेंबर १९६९, नेमका राष्ट्रीय दिनी. तेव्हा सरकारने ३ तारीख जाहीर केली; खरी तारीख १९८९ मध्ये सांगितली. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडलं आणि युद्ध संपलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आणखी एक शब्द पाठ करा: 'बाक हो'. तिथे कुणीही त्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाही. 'बाक' म्हणजे आई-वडिलांपेक्षा वयाने मोठं नातं, आपला थोरला काका. समाधीला लोक 'लांग बाक' म्हणतात, काकांची समाधी. आमच्या हॉटेलातल्या मुलीसमोर आईने 'बाक हो' म्हटलं, तेव्हा त्या मुलीने दोन्ही हातांनी आईचा हात धरला.

५. कपडे, पिशवी, फोन

देवळात जाताना घालाल तसे कपडे. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा टॉप चालत नाही. पुरुषांनीही हे लक्षात ठेवा, कारण परत पाठवलेले मी पाहिले ते सगळे पुरुषच होते. टोपी आणि गॉगल आत शिरण्याआधी काढायचे. चपला चालतात, पण चालणं बरंच आहे, तेव्हा बूट बरे.

मोठी पिशवी, पाण्याची बाटली, खाण्याचे डबे आत नेता येत नाहीत. पिशव्या जमा करण्याची खिडकी आहे. पण समाधीनंतरचा रस्ता तुम्हाला वेगळ्याच बाजूला काढतो आणि पिशवीसाठी उलटं चालत यावं लागतं. म्हणून तो बटवा: औषधं, पैसे, फोन, पासपोर्टची प्रत, बस. फोन बंद करून खिशात ठेवा. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि नुसता फोन हातात दिसला तरी पहाऱ्यावरचा सैनिक पुढे येतो.

६. पोहोचणं आणि दरवाजा

जुन्या हनोईतून, जिथे बहुतेकांची हॉटेलं असतात, हे आवार दोन-अडीच किलोमीटरवर आहे. ग्रॅब नावाच्या ॲपवरून गाडी बोलवा. भाडं आधी दिसतं आणि रोख देता येतं. ठिकाण हॉटेलच्या काउंटरवरून टाकून घ्या. त्यांना 'लांग बाक, न्गोक हा' एवढं म्हणा. न्गोक हा हा मागच्या बाजूचा रस्ता. पाहुण्यांची तपासणी आणि रांग तिथून सुरू होते. समोरच्या भव्य चौकात उतरलात तर इमारत समोर दिसते, पण आत जाता येत नाही आणि पूर्ण वळसा घालून चालावं लागतं. बाबांच्या गुडघ्यांमुळे हा वळसा टाळणं आम्हाला फार गरजेचं होतं.

सकाळी सात-सव्वासातला तिथे हजर राहा. रांग लांबलचक दिसली तरी घाबरू नका, ती थांबत नाही, सतत सरकते. चालायला त्रास असलेलं माणूस सोबत असेल तर तपासणीच्या जागीच सांगा. भाषा नाही आली तरी गुडघ्यावर हात ठेवून खूण केली की त्यांना कळतं. वयस्कर माणसांशी ते फार अदबीने वागतात. तान्ह्या मुलांना समाधीत नेता येत नाही, तेव्हा मोठ्यांनी आळीपाळीने जावं.

रांगेत कोणी 'लवकर आत नेतो' म्हणत पैसे मागितले तर नको म्हणा. समाधीच्या दर्शनाला तिकीट नाही.

७. समाधीत

दोघादोघांची रांग, हात खिशाबाहेर, हाताची घडी नाही, बोलणं नाही. पांढऱ्या गणवेशातले सैनिक दोन्ही बाजूंना. आत शिरल्यावर एकदम गारवा लागतो, पायऱ्या चढायच्या, वळायचं, आणि मंद उजेडातल्या त्या दालनात काचेच्या पेटीच्या तीन बाजूंनी चालत बाहेर पडायचं. थांबता येत नाही. म्हणून वयस्कर माणसाला पेटीच्या बाजूला ठेवा आणि तुम्ही बाहेरच्या बाजूने चाला.

हे बघताना मनात काय येईल ते येवो, एक गोष्ट ठाऊक असू द्या. त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात देह दहन करावा असं लिहिलं होतं. रक्षा उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तिन्ही भागांतल्या टेकड्यांवर ठेवावी अशी इच्छा होती. १९६९ मध्ये मृत्युपत्र प्रसिद्ध झालं तेव्हा तो भाग गाळला गेला. तो १९८९ मध्ये लोकांसमोर आला. देह युद्ध संपेपर्यंत हनोईबाहेर गुप्त जागी जपला गेला. १९७३ मध्ये समाधीचं बांधकाम सुरू झालं आणि २९ ऑगस्ट १९७५ ला ती खुली झाली. आमच्या पुढे एक म्हातारी बाई होती, काळ्या मखमली कपड्यांत, गावाकडून आलेली असावी. बाहेर पडल्यावर ती कठड्याला टेकून रडत होती. तिच्यासाठी ते गाळलेलं पान महत्त्वाचं नव्हतं. मला मात्र ते अजून बोचतं.

समोरच्या बाजूला सायकसची ७९ झाडं ओळीने आहेत. ते ७९ वर्षं जगले.

८. खांबांवरचं घर: इथे घाई करू नका

समाधीतून बाहेर पडल्यावर माणसांचा ओघ डावीकडे-उजवीकडे फुटतो. बसवाले लोक गाडीकडे वळतात. तुम्ही प्रासादाच्या बागेच्या दाराकडे जा, तिथे तिकीट घ्या. आम्ही गेलो तेव्हा परदेशी पाहुण्याला ४०,००० डाँग होतं, आपले दीडशे रुपयेही नाहीत.

आधी पिवळा प्रासाद दिसतो. फ्रेंचांनी आपल्या गव्हर्नर-जनरलसाठी १९०० ते १९०६ या काळात बांधलेला. आत सोडत नाहीत, बाहेरून बघायचा. १९५४ मध्ये हा महाल हो ची मिन्ह यांच्यासाठी मोकळा झाला, तेव्हा त्यांनी तिथे राहायला नकार दिला आणि महालाच्या मागे वीजतंत्र्याच्या छोट्या घरात राहायला गेले. चार वर्षं तिथे राहिले. मग १९५८ मध्ये तळ्याकाठी हे लाकडी घर बांधलं गेलं. उत्तरेच्या डोंगरातल्या तय लोकांची घरं अशी खांबांवर असतात. युद्धाच्या काळात ते तशाच घरांत राहिले होते.

खाली भिंती नाहीत, नुसते खांब, मध्ये लांब टेबल-खुर्च्या. पक्षाच्या नेत्यांच्या बैठका इथे होत. कडेने बसका ओटा आहे, भेटायला येणाऱ्या मुलांना बसता यावं म्हणून. एका बाजूला तीन टेलिफोन आणि लोखंडी शिरस्त्राण ठेवलं आहे, बॉम्बहल्ल्याच्या दिवसांतलं. वर दोन खोल्या: एकीत पुस्तकं आणि लिहायचं टेबल, दुसरीत पलंग, घड्याळ, रेडिओ. खोल्यांत जाता येत नाही, जिन्याने वर जाऊन बाहेरून बघायचं. जिना अरुंद आहे आणि मागून लोक ढकलतात. म्हणून एक करा: पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बघून खाली या, तळ्याच्या कडेला बसा, आणि गट निघून गेला की पुन्हा वर जा. दोन गटांच्या मध्ये चार-पाच मिनिटं शांतता मिळते. सेवाग्रामची बापू कुटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही शांतता ओळखीची वाटेल. एका देशाचा राष्ट्राध्यक्ष अकरा वर्षं इतक्याच वस्तूंत राहिला. आई खाली उभी राहून म्हणाली, "तीस वर्षं शिकवलं गं, पण हे घर एवढंसं असेल असं वाटलं नव्हतं."

तळ्यात मासे आहेत. ते टाळी वाजवून माशांना बोलवत आणि खाऊ घालत, असं तिथला प्रत्येक जण सांगतो. टाळी वाजवून बघायला हरकत नाही, मुलं वाजवतातच. पुढे त्यांच्या वापरातल्या तीन मोटारी काचेआड आहेत. घराजवळच १९६७ मध्ये बांधलेली भक्कम, बसकी इमारत आहे. शेवटचे दिवस त्यांनी तिथे काढले. बहुतेक लोक तिला गोदाम समजून पुढे जातात.

९. एकखांबी पॅगोडा

संग्रहालयाकडे जाताना वाटेतच लागतो. तळ्यात एका खांबावर उभं केलेलं कमळासारखं छोटं देऊळ, मूळचं १०४९ मधलं. १९५४ मध्ये फ्रेंच फौजांनी जाताना ते उद्ध्वस्त केलं. आत्ताचं पुढच्या वर्षी पुन्हा उभारलेलं आहे. दहा मिनिटं पुरतात.

१०. संग्रहालय

हे १९ मे १९९० रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीला, सुरू झालं. सोव्हिएत मदतीने बांधलं गेलं. पांढरी, कमळाच्या आकाराची मोठी इमारत. तिकीट वेगळं, आम्ही गेलो तेव्हा तेही ४०,००० डाँग. दुपारी मधली सुट्टी असते, बाराच्या सुमारास लोकांना बाहेर काढतात आणि दोनच्या सुमारास पुन्हा उघडतात. तुम्ही साडेदहाला आत गेलात तर जमतं. अकरा वाजून गेले असतील तर आधी जेवून या, अर्धवट बघू नका.

आत वस्तू क्रमाने कपाटांत मांडल्या असतील या अपेक्षेने जाऊ नका. मुख्य दालन वरच्या मजल्यावर, गोलाकार. भिंतीकडच्या बाजूने आयुष्याचा क्रम जातो: कागद, फोटो, पत्रं. आतल्या बाजूला प्रतीकांची मोठाली दालनं आहेत आणि तिथे नवखा माणूस पार गोंधळतो. पाक बोची गुहा मानवी मेंदूच्या आकारात केली आहे. फॅसिझमच्या दालनात पिकासोच्या गेर्निका चित्रातल्या आकृती आहेत. एक जुनी अमेरिकन मोटार भिंतीतून बाहेर आल्यासारखी उभी आहे. ती फोर्डची एडसेल, १९५८ मध्ये बाजारात सपशेल आपटलेली गाडी, आणि इथे ती अमेरिकेच्या लष्करी अपयशाचं प्रतीक आहे. पाटी न वाचता पुढे गेलात तर 'इथे गाडी कशाला' एवढंच मनात राहतं.

माझा सल्ला: पहिल्या फेरीत फक्त भिंतीकडची बाजू बघा, वहीतल्या तारखा हातात घेऊन. १९११, १९१९, १९२०, १९४१, १९४५, १९५४, १९६९. प्रत्येक तारखेपाशी एक तरी कागद नीट बघा. मग दुसऱ्या फेरीत मधली दालनं. अशा दोन फेऱ्यांना दीड तास लागतो. इथे फोटो काढता येतात. लिफ्टची वाट बघू नका. बाबांना आम्ही मधल्या बाकांवर बसवत बसवत नेलं आणि त्यांनाही सगळं बघता आलं.

आणि डोळे उघडे ठेवा. हे एका राष्ट्राने आपल्या थोरल्या काकांसाठी बांधलेलं घर आहे, तिथे कौतुकाचाच सूर असणार. १९५० च्या दशकातल्या जमीन सुधारणेत निरपराध माणसं मारली गेली. सरकारनेच १९५६ मध्ये चुका झाल्याचं कबूल केलं होतं. हा धागा तुम्ही सोबत घेऊन जा, भिंतीवर तो ठसठशीत भेटणार नाही. त्याने त्या खांबांवरच्या घराचं मोल माझ्यासाठी कमी झालं नाही, पण माणूस पूर्ण बघायचा तर दोन्ही बघावं लागतं.

११. जेवण आणि दुपार

आवाराच्या आसपास शाकाहारी जेवण सहज मिळत नाही. 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा. तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. 'कॉम चाय' म्हणजे शाकाहारी भाताचं जेवण. साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचा सॉस असतो, तेव्हा नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. आम्ही सकाळीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हॉटेलात बांधून ठेवली होती आणि दुपारी खोलीवर जाऊन खाल्ली, कारण आत डबा नेता येत नाही.

दुपारी अंगात त्राण असेल तर पश्चिम सरोवराच्या काठचा त्रान क्वोक पॅगोडा जवळच आहे. तिथला बोधिवृक्ष आपले पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी १९५९ मध्ये भेट दिलेला, बोधगयेच्या वृक्षाचा वंशज.

१२. जमलं तर रात्री पुन्हा चौकात या

बा दिन्ह चौकात रोज सकाळी ध्वज चढवतात आणि रात्री नऊ वाजता उतरवतात. रात्रीच्या कार्यक्रमाला तिकीट नाही, रांग नाही, आणि समाधी बंद असण्याच्या वारीही तो होतोच. म्हणजे तुमचा हनोईतला एकच दिवस शुक्रवार असेल तरी हे चुकत नाही. पावणेनऊपर्यंत पोहोचा. समाधीवर मंद दिवे असतात, पांढऱ्या गणवेशातली तुकडी समाधीच्या बाजूने चालत येते, आणि घरून फिरायला आलेली माणसं, पोरंटोरं, एकदम स्तब्ध उभी राहतात. सगळं दहा-पंधरा मिनिटांत संपतं. उभं राहायची जागा आखलेली आहे. गवताचे चौकोन आणि समोरची रेघ ओलांडू नका, पाय पुढे पडला की पहाऱ्यावरचा सैनिक लगेच शिट्टी वाजवतो.